खोट्या कागदातले खरे

सरकारदरबारी माझा जन्म १ जूनचा. आई सांगते तो श्रावणातला. नदीला पूर होता आणि सुईण पैलतीरी अडकली होती. पण शाळेत नाव घालताना वयात दोन-अडीच महिने कमी पडत होते, म्हणून आमच्या गुरुजींनी टाक उचलला आणि १ जून लिहून टाकला. त्याच तारखेला जन्मलेली आम्ही अकरा मुले वर्गात होतो! पुढे मीही मास्तर झालो, तसलेच रजिस्टर माझ्या हाती आले, आणि एक प्रश्न जो मानेवर बसला तो उतरेना. गुरुजी खोटे बोलले काय?

या प्रश्नापायी मी भलत्याच मुलखात जाऊन पोहोचलो. चेक लोकांच्या जुन्या सनदा आणि त्या लिहिणाऱ्या कचेऱ्या यांचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याची रीत मोठी खट. कागद काय सांगतो हे ते मागाहून विचारते. आधी पाहते ते अक्षराचे वळण, मायना, मेणाची मुद्रा, साक्षीदारांची नावे. आणि विचारते, बाबा रे, तुला लिहिले कुणी आणि कुणासाठी?

प्राग शहरात ब्रेव्नोव्ह नावाचा मठ आहे. तो ९९३ साली तिथला अधिपती दुसरा बोलेस्लाव्ह आणि बिशप व्होयत्येख यांनी स्थापला. पण मठाने जिवापाड जपलेल्या जुन्या सनदांत तेराव्या शतकात रचलेल्या बनावट सनदा आहेत. मठ खरा, सन खरा, कागद तेवढा खोटा! भिक्षूंची अडचण समजून घ्यायला हवी. जुन्या काळी तिकडे दान तोंडी व्हायचे, चारचौघांच्या साक्षीने. पुढे लिहिलेल्याला मान आला, जो तो कागद मागू लागला. आणि साक्षीदार तर केव्हाच मातीत गेलेले. मग बसले लिहायला. (अर्थात, लिहायला बसलेल्या हातून एखादे गाव जास्तही पडत असेल.)

त्यातून आणखी एक गुंता आहे. आरंभीच्या काळात राजाच्या पदरी धड कचेरीच नव्हती. दान घेणारा मठ पुष्कळदा आपली सनद आपणच लिहून आणी आणि राजा मुद्रा उठवी. तेव्हा घेणाऱ्याच्या हातचे अक्षर दिसले म्हणून लगेच चोर म्हणता येत नाही.

गुस्ताव्ह फ्रीडरिख या पंडिताने बोहेमियाच्या सनदांचा पहिला खंड १९०४ ते १९०७ या काळात प्रसिद्ध केला. बनावट ठरलेल्या सनदा त्याने फेकून दिल्या नाहीत. खंडाच्या शेवटी वेगळ्या काढून छापल्या. मला त्यातला न्याय फार आवडला. दहाव्या शतकाबद्दल जो कागद खोटे सांगतो, तोच तेराव्या शतकातल्या माणसांना कशाची भीती वाटत होती हे अगदी खरे सांगतो.

मात्र असे म्हणून सगळ्यांनाच सोडून देता येईल काय? शेजारच्या मोराव्हियात आंतोनीन बोचेक नावाचा संशोधक होऊन गेला. त्याने १८३६ साली मोराव्हियाच्या सनदांचा पहिला खंड काढला. दफ्तरे धुंडाळली, श्रम अपार केले. आणि त्या रत्नांत, मोन्से नावाच्या जुन्या विद्वानाच्या कागदांतले उतारे म्हणून, काही खडे घातले. ते उतारे खुद्द त्यानेच रचले असे पुढच्या संशोधकांनी ठरविले. आपल्या भूमीचा इतिहास तेजस्वी दिसावा एवढाच त्याचा लोभ. १८४७ साली, पंचेचाळिशीच्या आत, तो वारला. भिक्षूंनी निदान पोटापुढची जमीन राखली. याने वाचणाऱ्याचा विश्वासच विकला. त्याच्या अस्सल पानांकडेही आज संशयाने पाहावे लागते. मला तो अपराध मोठा वाटतो.

मग वाटते, खऱ्या कागदाचाच आग्रह धरावा. पण तोही केवढा निर्दय! बोहेमियात सरदारांच्या जमिनी ‘देस्की’ नावाच्या वह्यांत नोंदल्या जात. वहीत चढेल तोच हक्क. २ जून १५४१ रोजी प्रागला आग लागली, ती किल्ल्यावर चढली, आणि त्या वह्या जवळजवळ साऱ्या जळाल्या. शेते जागच्या जागी, ओढे जागच्या जागी, मालकी तेवढी धुरात! लोक आपापले जुने उतारे घेऊन आले आणि नव्या वह्या सुरू झाल्या. ज्याच्या घरी उतारा नव्हता, तो दारात काय बोलला असेल?

ते मी थोडेसे ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी एक मजूर बाई मुलीला घेऊन आली. जन्माचा दाखला नव्हता. मी विचारले तेव्हा तिने भाबडेपणाने महिना सांगितला, पाऊस सांगितला, आणि वयात थोडे दिवस कमी पडले. “तुम्हीच काय ते लिवा, गुरुजी,” ती म्हणाली. माझ्या डोक्यात बोचेक होता. मी लिहिले नाही.

ती मुलगी त्या वर्षी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. पुढच्या जूनमध्ये आली, तेव्हा तिची तारीख मी अगदी खरी लिहिली.