कुंपणाची बाजू

आदिलाबादेतील आमच्या घराच्या बगलेस ७ फूट रुंद व २२ फूट लांब अशी एक चिंचोळी जागा आहे. तेथील कण्हेरीच्या सावलीत रस्त्यावरची एक पिंगट कुत्री झोपत असे. आमच्या परवानगीच्या पुष्कळ आधीपासून. पुढे मुलांनी तिला घरात घेतले, पिंगी असे नाव ठेवले, आणि ती पुन्हा रस्त्यावर जाऊ नये म्हणून त्याच जागेस कुंपण घालून तेथे लहानशी बाग करण्याचे मी मनावर घेतले.

आमच्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. तिच्यात नुसता रोवलेला खांब एका पावसाळ्यात कलतो. म्हणून खोल खड्डे घेऊन त्यांत मुरूम व खडी ठासली. जाळी जमिनीपाशी संपवून भागत नाही, कारण कुत्रे नेमके कुंपणाच्या पायथ्याशीच उकरते. तिचा खालचा हातभर पट्टा आतल्या बाजूस वळवून मातीखाली पुरला व वर दगड रचले. कण्हेर सर्वांगी विषारी, म्हणून ती मुळासकट काढली. तिच्याबरोबर पिंगीची सावलीही गेली, हे मात्र वैशाखात ध्यानी आले.

पहिल्या आठवड्यातच मोगऱ्याची रोपे तुडवली गेली. मी संतापलो. नंतर पाहतो तो ती रोज जाळीला लागून, एकाच रेषेने, पहारेकऱ्यासारखी फेऱ्या घालीत होती. हद्दीची कड धरून फिरणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. कडेला फुलझाडे लावणे हा माझा. तेव्हा ती वाट तिला सोडली, तीवर वाळू पसरली आणि रोपे भिंतीकडे घेतली. त्यानंतर एकही रोप मोडले नाही.

हे कुंपण तिच्या भल्यासाठी आहे असे मी शेजाऱ्यांस सांगतो. ते खोटे नाही. कापसाच्या हंगामात आमच्या रस्त्याने गाड्यांची रीघ लागते. परंतु काम करताना मोगऱ्याची चिंता किती वेळा वाटली व पिंगीची किती वेळा, याचा प्रामाणिक हिशेब मांडू गेलो तर तो माझ्या विरुद्ध जातो. दुसऱ्याच्या हिताच्या नावाखाली आपली सोय साधली, तर ते हित खोटे ठरते काय? की हित झाले म्हणजे पुरे, हेतूची झडती कशाला?

महाप्रस्थानाच्या अखेरीस युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला, ही कथा आपण सारेच आदराने सांगतो. पण त्या कुत्र्याला स्वर्गात राहावयाचे होते काय, हे इंद्रानेही विचारले नाही व धर्मराजानेही नाही. कुत्रा प्रत्यक्ष यमधर्म निघाला म्हणून प्रश्न मिटला. पिंगी कुत्रीच आहे.

आम्हां आदिलाबादकरांस तरी हे कळावयास हवे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. रेषेस कारणे होती, कदाचित चांगलीही असतील. पण ज्यांची सोयरीक पलीकडे गेली, त्यांना ती कारणे नव्हे, रेषाच दिसली.

पिंगीचा रस्त्यावरचा एक सोबती आहे, कान फाटलेला. तो दुपारी जाळीला पाठ लावून बाहेर पडून राही आणि ती आतून. त्याला आत घेण्याची माझी तयारी नव्हती. दोन कुत्र्यांस ७ फूट पुरत नाहीत, हे कारण मी तत्काळ शोधले.

अलीकडे पहाटे, रस्ता रिकामा असताना, मी फाटकाची कडी तासभर काढून ठेवतो. कधी ती जाते, कधी जात नाही. तिला परतण्यास उशीर झाला की हातातली झारी तशीच राहते. मोगऱ्याला पाणी घालण्याचे सुचत नाही. परवा ती बाहेर गेली आणि तो फाटलेल्या कानाचा आत आला. वाळूची वाट त्याने हुंगली, रोपांकडे पाहिलेही नाही. पूर्वी कण्हेर होती त्या जागी जाऊन दोनदा गिरकी घेतली आणि तेथे झोपला.