चार खुंट्यांपैकी एक

दापोडीच्या एसटी कार्यशाळेत इंजिनं दुरुस्त करण्यात आजोबांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते घरच्या डेस्कटॉपवर कुळाची वंशावळ टाइप करत बसत. ऐन उन्हाळ्यात तो संगणक चालता चालता एकदम बंद पडू लागला. इंजिनीअरिंगला असलेली नात सुट्टीवर आली होती. तिनं काम अंगावर घेतलं.

वंशावळीची फाइल तिनं आधी पेनड्राइव्हवर काढून घेतली, हे फार चांगलं केलं. मग विंडोज पुन्हा टाकलं. दुखणं तसंच. तेव्हा बाजारातून नवी रॅम आणि नवा एसएमपीएस आणून दोन्ही एकदमच बसवले. आता पडद्यावर काहीच येईना, नुसते बीप वाजू लागले. दोष जुना की नवा, रॅमचा की एसएमपीएसचा, कळायला मार्गच उरला नाही.

"आजोबा, नवीनच घेऊ या आता."

आजोबांनी वही पुढे केली. "आधी सगळं होतं तसं कर. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं."

तिनं जुने भाग परत लावले. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलकेच पुसल्या, दोन्ही बाजूंनी टक्क आवाज येईपर्यंत ती दाबून बसवली. बीप थांबले. हा दोष आपणच घातलेला होता, अशी वहीतली पहिली नोंद झाली.

"बरं, बंद कधी पडतो?" आजोबांनी विचारलं. हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता.

दोन दिवस नुसतं बघायचं ठरलं. सकाळी टाइप करताना काही होत नसे. दुपारी व्हिडिओ लावला की पंखा घोंघावू लागे आणि थोड्या वेळानं सगळं ठप्प. लगेच सुरू केला तर लवकरच पुन्हा बंद; तासाभरानं मात्र सुरळीत. बायॉसमध्ये पाहिलं, तर काहीच काम नसताना प्रोसेसर ८५ अंशांवर होता. आपण जळू नये म्हणून तोच संगणक बंद पाडत होता. घरातले ज्याला बिघाड म्हणत होते, तो बचाव होता.

वायर काढून, पॉवरचं बटण काही क्षण दाबून धरून तिनं उरलीसुरली वीज जाऊ दिली. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीजही घालवली. पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअरनं धूळ उडवली. एसएमपीएस मात्र उघडला नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आतले कपॅसिटर वीज धरून ठेवतात, आणि घरच्या हौशी माणसानं तिथं हात घालूच नये.

धूळ गेली तेव्हा खरं कारण दिसलं. हीटसिंक धरून ठेवणाऱ्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एक वर आली होती. हीटसिंक एका बाजूनं किंचित उचलला गेला होता आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. जुनी पेस्ट पुसून, थेंबभर नवी लावून तिनं खुंट्या समोरासमोरच्या जोडीनं दाबल्या. तापमान ४५ अंशांवर आलं.

संगणक हळू चालतो, ही आजोबांची जुनी तक्रार होती. या वेळी तिनं आधी टास्क मॅनेजर उघडला. रॅम अर्धी रिकामी होती, हार्ड डिस्क मात्र सतत शंभर टक्क्यांवर. नवी रॅम आणि एसएमपीएस दुकानात परत गेले, त्याऐवजी एसएसडी आली.

सुट्टी संपायच्या आत शेजारच्या काकू आल्या. "अगं, एकही वेबसाइट उघडत नाही बघ. सुरक्षित नाही म्हणतं. फॉरमॅट मारतेस का?"

"कधीपासून होतंय काकू?"

"परवा दिवसभर लाइट नव्हती ना, तेव्हापासून."

नातीनं पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षं मागे गेली होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटची प्रमाणपत्रं खोटी वाटतात. तिनं तारीख दुरुस्त करून वेबसाइट उघडून पाहिली आणि काकूंना कागदावर 'सीआर२०३२' लिहून दिलं. स्क्रूड्रायव्हर तिनं सेल आल्यावरच हातात घेतला.