मधले पाच रुपये

दिवाळीच्या खर्चासाठी एका लहानशा कंपनीचे माझे शंभर शेअर विकावेत, म्हणून मी मुलाला भाव विचारला. पडद्याकडे पाहत तो म्हणाला, “घेणारा ९५ देतोय, विकणारा १०० मागतोय.”

“अरे, मग खरा भाव कोणता?”

“दोन्ही खरे, बाबा. विकायला ९५, घ्यायला १००.” मग त्याने एका बड्या कंपनीचे भाव दाखवले. तिथे अंतर अवघ्या काही पैशांचे!

हे मधले पाच रुपये जातात कुठे, या विचाराने मला घेरले. १९९५ साली मुंबईच्या शेअरबाजारात संगणकावर व्यवहार सुरू झाले. त्यापूर्वी तिथे जॉबर उभा राहून असेच दोन भाव पुकारी. मला वाटे, मधले अंतर हा त्याचा नफा. पण त्याच्याकडे दोन तऱ्हेची माणसे येतात. एकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे असतात. दुसऱ्याला आतली बातमी कळलेली असते. चेहऱ्यावरून दोघे सारखेच. दुसऱ्याशी व्यवहार केला की जॉबर बुडतो, आणि ती खोट पहिल्याकडून भरून काढतो. ग्लॉस्टन आणि मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ साली गणिताने दाखवले, की त्याने एक पैचाही नफा घेतला नाही तरी हे अंतर उरतेच. गिऱ्हाइकांची वर्दळ असेल तर ते आणखी वाढत नाही, कारण घेतलेला माल चटकन पुढे जातो. शुकशुकाट असेल तर माल अंगावर पडण्याची धास्तीही त्यात मिसळते.

सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी एक कोडे मांडले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सज्जन व्यापारी धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? सिसेरो म्हणतो, सांगावे. मी मात्र आजवर त्या व्यापाऱ्याच्या बाजूने होतो. समुद्र त्याने ओलांडला. त्याच्या ज्ञानाचे मोल त्याला का मिळू नये?

आजही रात्री जागून ताळेबंद वाचणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्यामुळेही अंतर वाढते, पण भाव सत्याच्या जवळ सरकतो, आणि ते ज्ञान त्याने कष्टाने मिळवलेले असते. कंपनीच्या खुर्चीवर बसून कानी आलेली गोष्ट मात्र कमाई नव्हे. ती ठेव आहे. आपल्याकडे १९९२ साली सेबीने अशा व्यवहारांविरुद्ध नियम केले. तरीही ‘मी कुणाच्या खिशात हात घातला?’ असे म्हणणारे भेटतातच. ऱ्होड्सला निदान गिऱ्हाईक समोर उभे होते. इथे दंड भरणारा दिसतच नाही. तो दूर कुठेतरी औषधासाठी किंवा फीसाठी दहा शेअर विकत असतो, आणि आपण दंड भरला हे त्यालाही कळत नाही.

अखेर मी ९५ ला विकले. त्या मधल्या रुपयांतले किती शुकशुकाटापायी गेले आणि किती कुणाच्या जाणत्या मौनापायी, हे मला कधीच कळणार नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे होतील तेव्हा मला एवढेच वाटेल, की लक्ष्मी चंचल आहे हे आपण नेहमीच म्हणतो. ती मुकी नसावी, हेही एकदा मागून घ्यावे.