मोरीच्या पाण्याजवळ

रायगड जिल्ह्यातल्या मोहोपाड्याहून चौककडे तोंड करून उभे राहा. इर्शाळगडाचा सुळका नजरेने शोधा. मग नजर हळूहळू खाली, उतारावर येऊ द्या.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

19 जुलै 2023 च्या रात्री या उतारावर दरड कोसळली. इर्शाळवाडीतल्या 27 जणांचे मृतदेह मिळाले. 57 जण सापडलेच नाहीत. वाचलेली ठाकर कुटुंबं चौकजवळ कंटेनरच्या घरांत आली.

इथे थांबा. पुढे जायची घाई नको.

आता मनाने अशाच एका कंटेनरच्या मागे या. पत्रा तापलेला आहे. पायाखाली चेपलेला मुरूम. भांडी घासलेलं पाणी बाहेर येतंय.

त्या पाण्याकडे पाहा.

त्यात राख आहे, भाताची चार शितं आहेत. ते मुरमावर पसरतं, एका खळग्याशी रेंगाळतं.

पुन्हा पाहा. कुठे वळतं? कुठे मुरतं?

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांचं पर्माकल्चरवरचं, म्हणजे निसर्गाच्या रीतीने शेती-बाग रचण्यावरचं, पहिलं पुस्तक 1978 साली ऑस्ट्रेलियात आलं. पर्माकल्चरच्या शिक्षणातही आधी असं पाहणंच आहे. घर सुटलेली माणसंही लावतात: बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्या निर्वासितांच्या झोपड्यांवर भोपळ्याचे वेल चढतात. आणि मोरीच्या पाण्यावर केळ, अळू लावणं आपल्या कोकणाला कुणी शिकवावं लागत नाही.

खळगा हातभर खोल करा. पाचोळा, शेण, पुन्हा पाचोळा. कडेला अळवाचा कांदा, केळीचा मुनवा.

मूठभर माती उचला. वास घ्या. बोटं ओली होऊ द्या.

अळवाची पानं दोनेक महिन्यांत खुडता येतात. केळीचा घड यायला वर्ष जातं. उद्या इथून उठावं लागेल का, हे ज्याला कळत नाही, त्याला वर्षभराचं झाड लाव म्हणणं फार मोठं मागणं आहे. मला तरी आधी अळूच लावावंसं वाटतं.

त्या मागण्याचं ओझं जाणवू द्या. श्वास घ्या.

दाराशी एक म्हातारी बसली आहे. डोंगरउतारावर तिने नाचणी, वरी पिकवली आहे. शेवळं कधी उगवतात, टाकळा कधी कोवळा असतो, तिला ठाऊक आहे. शिकवायला आलेल्याने आधी तिच्याजवळ बसावं.

तुम्हीही बसा. विचारा, "आजी, इथं काय लावाल?"

ती बोलेपर्यंत दुसरं काही विचारू नका.