पोती गेली, माती राहिली

१ जानेवारी २०२५च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून पिथमपूरला निघाला. जूनअखेरीस तो जाळूनही झाला. वायुगळतीनंतर चाळीस वर्षांनी का होईना, शहराची पीडा टळली असंच अनेकांना वाटलं. पण गेली ती शेडमध्ये बांधून ठेवलेली पोती. आवारातल्या दूषित मातीचा अंदाज नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०१० सालीच दिला होता: सुमारे ११ लाख टन.

मेलेली जमीन उठवता येते, हेही याच नीरीनं दाखवलंय. चंद्रपूरकडे कोळशासाठी वरचे माती-दगड उपसून बाजूला रचतात. खाणीवरची माणसं त्याला नुसतं 'ओबी' म्हणतात. खाण बंद पडते, ओबीचे डोंगर तिथंच राहतात. मूठभर उचलून पाहिलं तर माती म्हणावी असं त्यात काही नसतं. दगडाच्या चिपा, काळपट चुरा. ओल धरत नाही, पावसात वाहून ओढ्यात जातो. नीरीतल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १० हेक्टर ढिगाऱ्यावर हेक्टरी ५० टन सांडपाणी प्रकल्पातला गाळ घातला, जिवाणू खतं दिली, मुळांना अन्नपाणी पुरवणारी बुरशी दिली आणि त्यावर झाडं उभी केली. आधी माती, मग झाड. आपल्याकडे वृक्षारोपण फोटोपासून सुरू होतं, म्हणून हा क्रम सांगावासा वाटतो.

भोपाळला हाच उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. ओबी उपाशी असते. कार्बाइडच्या मातीत विष आहे. कीटकनाशकांचे अवशेष, क्लोरीनयुक्त रसायनं, पारा. ते झिरपत भूजलात उतरलं आणि भोवतालच्या वस्त्यांतले हातपंप लाल रंगवून 'पिऊ नका' असं सांगावं लागलं. वर बाग फुलवली म्हणून खालचं पाणी निवळत नाही.

आणखी एक फरक पैशाचा. २००९पासूनच्या नियमांनुसार कोळसा खाणीला चालू असतानाच दरवर्षी एस्क्रो, म्हणजे राखीव, खात्यात रक्कम भरावी लागते, पुढं जमीन सावरण्यासाठी. कार्बाइडचा कारखाना १९६९ साली उभा राहिला तेव्हा असं बंधन कुणी घातलं नाही. १९९८मध्ये भाडेपट्ट्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली, ती विषासकट. मूळ धनी मोकळा झाला, असंच म्हणायचं.

याच शहरात बेरसिया रस्त्यावर, नबीबागेत, १९८८पासून केंद्राची मृदा विज्ञान संस्था आहे. म्हणजे जाणकार शोधायला लांब जायला नको. पोत्यांचा निकाल कोर्टाच्या रेट्यामुळे लागला. मातीचाही तसाच लागावा असं वाटत असेल, तर भोपाळकरांनी सरकारकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: काम कोण करणार, पैसा कुठून येणार आणि सुरुवात कोणत्या तारखेला.