मोटारीचे क्षेम आणि मांजर

योगक्षेम हा शब्द आपण नित्य उच्चारतो. जे मिळालेले नाही ते मिळवणे म्हणजे योग आणि जे मिळाले आहे ते राखणे म्हणजे क्षेम, असा त्याचा अर्थ आचार्यांनी लावून दिला आहे. मिळवण्यात जे पाप घडते त्याविषयी आम्ही कीर्तनातून पुष्कळ बोलतो. खोटे माप, लाच, दुसऱ्याच्या तोंडचा घास ओढणे, यांवर आख्याने आहेत, दृष्टांत आहेत. राखण्यातही पाप घडू शकते याकडे मात्र वक्त्याचे आणि श्रोत्याचे लक्ष कमीच जाते. आपलेच आपण राखायचे, त्यात कसले आले पाप, असे मनात येते. या प्रश्नाचा विचार आज आपण एका लहानशा, रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीवरून करू. ती गोष्ट म्हणजे इमारतीखाली उभी असलेली मोटार आणि तिच्यावर येऊन बसणारे मांजर.

वाचकहो, हसू नका. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आमचे कीर्तनाच्या निमित्ताने सारखे जाणेयेणे असते. आरती झाली, प्रसाद वाटला, की कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतो, "बुवा, गाडीवरचे मांजर हाकलले तर पाप लागते का हो?" विचारणारा हसत असतो, पण त्या हसण्यामागे पुष्कळ काही असते. एकाच जिन्यावरच्या दोन घरांचे बोलणे या मांजरापायी बंद झालेले आम्ही पाहिले आहे. सेक्रेटरीकडे अर्ज जातात, सभेत आवाज चढतो. तेव्हा प्रश्न लहान असला तरी त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

प्रथम मोटारवाल्याची बाजू ऐकू, कारण कीर्तनकार म्हटला की तो मांजराचीच बाजू घेणार असे लोक गृहीत धरतात. एका माणसाने पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी गाडी घेतलेली असते. दुसरा तर भाड्याची गाडी चालवूनच पोट भरतो. गाडी ओरखडलेली दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडते. आणि रंग म्हणजे तरी किती? पत्र्यावरचे सगळे थर एकत्र केले तरी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड असतो. एवढ्याशा पडद्यावर चमक अवलंबून आणि त्याच्याच खालच्या थरांवर पत्र्याचे गंजापासून रक्षण अवलंबून. एका पत्र्याला पुन्हा रंग मारायचा म्हटले की हजारांत खर्च येतो. जो मनुष्य हे जपतो त्याला लोभी म्हणणे आम्हांस मान्य नाही. जपणे हा गृहस्थाचा धर्मच आहे. संन्याशाचा न्याय गृहस्थाला लावू नये.

आता मांजराची बाजू. त्याला बोलता येत नाही म्हणून ती आपणच मांडायची. मांजर मोटारीवर रागाने येत नाही आणि आपली खोडी काढायलाही येत नाही. नुकत्याच आलेल्या गाडीचे बॉनेट इंजिनाने तापलेले असते. मांजराच्या अंगची ऊब आपल्यापेक्षा जास्त, ३८-३९ अंशांची. आपल्याला जिथे घाम फुटतो तिथे त्याला बरे वाटते. पावसाळ्यात सगळीकडे चिखल, खाली कुत्र्यांचे भय, आणि हे स्थान मात्र कोरडे, उबदार, उंच. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. मांजराची नखे चालताना म्यानात असतात. नखे घासायला त्याला झाडाची साल, पोते, सोफा असे खरखरीत काही लागते. गुळगुळीत पत्र्यावर घासून त्याला काही लाभ नाही. ओरखडा उठतो तो बहुधा उडी मारताना किंवा उतारावरून घसरताना, तोल सावरण्यासाठी नखे बाहेर आली की. बाकीच्या बारीक रेघा पंजाला चिकटून आलेल्या वाळूच्या कणांच्या असतात. म्हणजे नुकसान खरे आहे, पण त्यामागे हेतू नाही. हेतूवाचून अपराध कसला? ज्याला 'माझे' आणि 'तुझे' हा भेदच कळत नाही, त्याला चोर तरी कसे म्हणावे?

शिवाय ते आपल्या दारी आले कसे तेही पाहा. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले, त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले होते. ही माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले. आपल्या वाड्यांतून, चाळींतून धान्याच्या कणग्या होत्या तोवर मांजर घरचेच होते. म्हणजे मूळचा तो आपल्या क्षेमाचाच राखणदार. पुढे कणग्या गेल्या, धान्य पिशवीबंद येऊ लागले, वाड्यांच्या जागी खांबांवरच्या उंच इमारती आल्या आणि राखणदाराची नोकरी गेली. नोकरी गेली तरी जीव राहिला. त्याने जायचे कोठे?

येथवर दोन्ही बाजू खऱ्या दिसतात. मग अधर्म नेमका कोठे शिरतो? डोंबिवलीत आम्हांस कळलेली एक हकीगत सांगतो. भाड्याची गाडी चालवणारा एक कष्टाळू मनुष्य. नव्या गाडीवर रोज पंजे उमटत, दोनदा ओरखडे उठले. त्याने आधी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या गाडीभोवती मांडून पाहिल्या. मांजर त्यांच्यामधून चालत गेले. मग एका रात्री त्याने रखवालदाराच्या मदतीने मांजरीला पोत्यात घातले आणि खाडीपलीकडे नेऊन सोडले. भिंतीशी टेकवून ठेवलेल्या जुन्या फळ्यांमागे तिची तीन पिले आहेत हे दोघांनाही ठाऊक नव्हते. दोन रात्री सगळी इमारत तो आवाज ऐकत होती. तिसऱ्या दिवशी एका शाळकरी मुलीने फळ्या हलवल्या. एक पिल्लू वाचले. तो मनुष्य आम्हांस म्हणाला, "बुवा, मी तर फक्त रंग वाचवत होतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि तो खोटे बोलत नव्हता. पुढे दोन महिन्यांत त्याच जागी दुसरे मांजर येऊन राहिले, हेही सांगितले पाहिजे. जागा उबदार होती, खरकटे होते. एक गेले की दुसरे येणारच.

या हकीगतीतून आमच्या अल्पमतीला जे उमगले ते असे. क्षेम राखणे दोषास्पद नाही. क्षेमाचा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकणे हा दोष. गाडी माझी, तिचा उपयोग माझा, तिचा दिमाख माझा. मग तिच्या रक्षणाचा त्रासही माझाच असला पाहिजे. पोत्याची वाट सोपी वाटली, कारण तिचा सगळा खर्च मांजरीने आणि पिलांनी भरला. डांबरगोळ्या टाकणारे, फिनेल शिंपडणारे, विष घालणारे हेच करतात. डांबरगोळी आणि फिनेलसारखी द्रव्ये मांजराला विषवत् आहेत; त्याचे शरीर ती आपल्यासारखी निचरू शकत नाही, आणि पंजाला लागलेले तो चाटतो.

कोणी म्हणेल, कायदा काय म्हणतो? नृत्यकलेसाठी विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले, त्या प्रयत्नातून पुढे १९६० चा कायदा झाला. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! ओरखडा पुसायला हजारो आणि जीव तळमळला तर ५०. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा पंगू करणे यांस ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे खरे. तथापि दंडाच्या आकड्यावरून धर्माची किंमत करू नये. आपल्या जुन्या लोकांत तर मांजर मेले की सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे असे म्हणत. सोने कोणी दिले असेल नसेल, पण जिवाची किंमत सोन्यात करण्याइतके भान त्या बोलण्यात होते.

आता याच न्यायाची दुसरी धार पाहा, कारण ती भूतदयावाल्यांना लागते. काही सज्जन रोज रात्री मांजरांना खाऊ घालतात, फार चांगले. पण खाऊ घालतात कोठे, तर शेजाऱ्याच्या गाडीपाशी! चार मांजरे जमतात, शेजाऱ्याच्या टपावर निजतात, आणि शेजाऱ्याने तक्रार केली की त्याला निर्दय ठरवतात. अहो, पुण्य तुमचे आणि ओरखडे त्याचे, हा कोणता हिशेब? नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, अशी कथा परंपरेने सांगतात. ती भाकरीही त्यांची होती आणि तूपही त्यांचेच होते. नाथांनी तहानेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले, ते स्वतःच्या खांद्यावरून आणलेले. संतांची दया त्यांच्या स्वतःच्या पदरची असे. राखणारा असो की दया करणारा असो, दोघांनाही एकच नियम: आपला भार आपण वाहावा.

नियम कळला तर उपाय अवघड नाही. गाडीला जाड सुती अस्तराचे कव्हर घालावे. मात्र धुळीवर कव्हर ओढले तर वाऱ्याने तीच धूळ रंगावर घासली जाते, म्हणून आधी गाडी धुवावी, आणि ओले कव्हर तसेच ठेवू नये. पंजे उमटले तर कोरड्या फडक्याने रगडू नये. पाण्याने कण वाहू द्यावेत, मग पुसावे. जिन्याखाली किंवा आडोशाला एक खोके, त्यात जुने पोते, थोडी उंचावर अशी जागा करून द्यावी. तापलेल्या पत्र्यापेक्षा ती बरी वाटली की मांजर आपण होऊन तेथे जाते. जेवणही तेथेच, ठरल्या वेळी, आणि उरलेले लगेच उचलावे. वर्गणी काढून पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्यावी, म्हणजे पिलांचे हाल आणि संख्या दोन्ही आटोक्यात येतात. आणि सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. उबेसाठी आत शिरलेले पिल्लू त्या दोन थापांनी वाचते. यात त्रास आहे का? आहे. रोजचा आहे. तो त्रास म्हणजेच क्षेमाची खरी किंमत.

जाता जाता एक विचारावेसे वाटते. डोंबिवलीच्या औद्योगिक भागातून २०१४ च्या जानेवारीत हिरव्या पावसाची बातमी आली, २०२० च्या फेब्रुवारीत तेथला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला. जी हवा रंगाला लागते तीच आपल्या मुलांच्या छातीत जाते. त्या धुरापुढे आपण गप्प बसतो आणि चार किलोच्या मांजरीपुढे मात्र काठी उगारतो. आपला राग नुकसानीच्या मापाने चालत नाही, समोरचा किती दुबळा आहे हे पाहून चालतो. हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

वेदान्ती मंडळींत मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय प्रसिद्ध आहेत. माकडाचे पोर आईला आपण घट्ट धरते. मांजरीचे पोर काही धरत नाही, आईच त्याला तोंडात उचलून नेते. शरणागतीचा हा दृष्टांत आम्ही कित्येक वर्षे सांगत आलो. या निमित्ताने त्यातली दुसरी गोष्ट आमच्या ध्यानी आली. ज्या दातांनी मांजरी उंदीर फाडते त्याच दातांनी ती पिल्लू उचलते, आणि पिलाच्या मानेवर एक ओरखडा उठत नाही. दात तेच, जोर किती लावायचा हे ती जाणते. रक्षण कसे करावे हे त्या मुक्या जिवाला ठाऊक आहे. आपल्या हाती तर पोते आहे, काठी आहे, विष आहे, कायदा आहे, पैसा आहे. एवढे बळ हाती असताना, आपली वस्तू राखू पण कोणाला ओरखडा उठू देणार नाही, इतका विवेक ठेवणे गृहस्थाला अशक्य नाही.

असो. पुढच्या वेळी कोणी "मांजर हाकलले तर पाप लागते का" असे विचारले तर आमचे उत्तर असे: टाळी वाजवून उठवाल तर पाप नाही, पण उठवण्याआधी त्याला बसायला दुसरी जागा करून ठेवा, आणि फळ्यांमागे पाहून घ्या. रामकृष्ण हरि.