पक्षिणीला जाऊं द्यावें

(अनुवाद 22:6-7)

घरट्यांत पिलांसह पक्षीण आढळली तर पिलें घ्यावीं, पण आईला जाऊं द्यावें, असा हा लहानसा नियम आहे. मोठ्या आज्ञांच्या गर्दींत तो आपल्या नजरेंतून सुटतो.

ब्राझील देशांत तेफे शहराजवळ मामिराउआ नांवाचें अरण्य आहे. दरवर्षीं नदी दहाबारा मीटर चढते व सारें रान पाण्याखालीं जातें. म्हणून तेथील घरें खांबांवर उभीं आहेत. रस्ता नाहीं, होडीच आहे. पिरारुकू हा थोर मासा श्वासासाठीं वर येतो व तेव्हांच भाल्याला बळी पडतो. तो इतका मारला गेला कीं, 1996 सालीं त्या प्रांतांत त्याची धरपकड बंद करावी लागली.

1999 पासून गांवकरी आपलीं तळीं स्वतः राखूं लागले. वर येणारे मासे ते वीस वीस मिनिटें मोजतात. मोठ्यांपैकीं शेंकडा तीसपर्यंतच धरतां येतात. रात्रीं पहारा असतो. (झोपमोड काय असते, हें राखणदारालाच ठाऊक!) मासे अनेक पटींनीं वाढले.

मग 2023 सालीं नद्या आटल्या. तेफे सरोवर इतकें तापलें कीं, शंभराहून अधिक डॉल्फिन मेले. होड्या चिखलांत रुतल्या. 2024 सालीं पुनः तेंच.

या नियमाला तर दीर्घायुष्याचें अभिवचन जोडलें आहे. मग आई सोडणाऱ्यांवरच ही आपत्ति कां? तें ऊन त्यांनीं वाढविलें नाहीं. जगभरच्या कोळशाच्या व तेलाच्या धुरानें वाढविलें, आणि त्या धुरांत आपल्याहि गिरण्यांचा वांटा आहे.